हरवलेले ५९ ग्रेन

पबजीत गोळी लागली की समोरच्याचं हेल्थ कमी होतं आणि गोळी नाहीशी होते. तिचं पुढे काय झालं हा प्रश्नच तिथे नसतो. बंदुकीशी माझी पहिली ओळख तिथलीच, हॉस्टेलच्या रूमवरची, पेपरच्या आदल्या रात्रीची. त्यानंतर चार-पाच वर्षांनी मी मिनेसोटातल्या एका गॅरेजमध्ये बसलो होतो. समोर वजनकाटा होता आणि काट्यावर एका खऱ्या हरणातून काढलेली खरी गोळी.

गोळी १५० ग्रेनची होती. झाडण्यापूर्वी मीच तोलली होती. हरणाच्या पलीकडच्या बाजूला, कातडीखाली ती मशरूमसारखी पसरून अडकलेली सापडली. धुतली, पुसली, काट्यावर ठेवली. ९१ ग्रेन.

पाच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला बेरीज जुळली नाही की झोप लागत नाही. १५० आत गेले, ९१ बाहेर आले. ५९ ग्रेन कुठे गेले? एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. म्हणजे हिशोबात ३.८ ग्रॅमची तूट, आणि त्यातलं बहुतेक शिसं. त्या हरणाचं मांस तेव्हा माझ्या फ्रीजरमध्ये होतं. दोन पाकिटं मी एका मित्राच्या घरीही देऊन आलो होतो. त्याची मुलगी तीन वर्षांची.

या लेखात मला एकच भांडण करायचं आहे. जो माणूस स्वतःची काडतुसं स्वतः भरतो, दारूचा दहावा ग्रेन मोजतो, त्याने हरणासाठी शिशाची गोळी निवडू नये. हे भांडण माझ्याच जमातीशी आहे, म्हणजे रात्री जेवण झाल्यावर गॅरेजमध्ये प्रेससमोर बसणाऱ्यांशी. पण ज्यांनी बंदूक फक्त फोनच्या स्क्रीनवर पाहिली आहे त्यांनीही थांबावं. हा घोळ फक्त बंदुकीपुरता नाही, हे शेवटपर्यंत लक्षात येईल.

आधी तुमच्या मनात आलेला प्रश्न घेतो. "शिकार? तू?" माझ्या आईनेही हेच विचारलं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली आणि ती योग्यच आहे. मिनेसोटातली गोष्ट वेगळी. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर आहेत. त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी राज्य सरकार दरवर्षी परवाने देतं. रायफलचा हंगाम नोव्हेंबरात, अंगावर भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी जॅकेट सक्तीचं, आणि आमच्या वयाच्या माणसाला सुरक्षेचा कोर्स पास केल्याशिवाय परवाना नाही. मी व्हिसावर असलेला माणूस; वैध शिकार परवाना असेल तर इथला कायदा अशांना बंदूक बाळगायला अपवाद देतो. हे सगळं मला शिकवलं शेजारच्या काकांनी. साठी उलटलेले, निवृत्त मशिनिस्ट. दुकानातलं मटण मी आयुष्यभर खात आलोय. मारायचं काम दुसऱ्यावर सोपवून शहाणपण सांगण्यापेक्षा एकदा स्वतः करून पाहावं, असं मला वाटलं. तुम्हाला पटेलच असं नाही. पण इथे माझा मुद्दा शिकार करावी की नाही हा नाही. करायचीच तर कशाने, हा आहे.

काडतूस भरणं म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. झाडलेल्या काडतुसाची पितळी नळी परत वापरता येते. ती साफ करायची, डायमध्ये दाबून मूळ मापात आणायची, बुडाला नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून भरायची आणि वर गोळी बसवायची. प्रत्येक पायरीला मोजमाप आहे. नळीची लांबी इंचाच्या हजाराव्या भागात, दारू ग्रेनच्या दहाव्या भागात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या सर्वात कमी मापापासून सुरुवात करून पायरीपायरीने वर जायचं आणि कमाल मर्यादा ओलांडायची नाही. ओलांडली तर रायफल फुटू शकते. सगळ्याची वहीत नोंद. मला हा छंद लागला त्यात नवल नाही. हा तर युनिट टेस्टिंगचाच धातूतला अवतार.

आणि इथेच माणूस फसतो.

प्रेससमोर बसलेला माणूस गोळी कशावरून निवडतो? शंभर यार्डांवरच्या कागदावरून. तीन गोळ्या झाडायच्या आणि भोकं किती जवळजवळ पडली ते पाहायचं. एका इंचात आली तर छान, अर्ध्या इंचात आली तर फोटो काढून मित्रांना पाठवायचा. दुसरा आकडा बॅलिस्टिक कोइफिशंट, म्हणजे गोळी हवेला किती सहज कापते त्याचं माप. तिसरा वेग. तिन्ही आकडे हरणापर्यंत पोहोचण्याचे आहेत. पोहोचल्यावर काय होतं त्याचा एकही नाही, कारण ते गॅरेजमध्ये मोजता येत नाही. जे मोजायला सोपं तेच महत्त्वाचं ठरतं. ऑफिसात आम्ही हेच करतो. ॲप किती मिलिसेकंदांत उघडलं ते मोजतो. उघडल्यावर आजोबांना हवं ते बटण सापडलं का, ते कोणी मोजत नाही.

या आकड्यांच्या नादात काही लोक नेमबाजीच्या स्पर्धेसाठी बनवलेली मॅच गोळी हरणावर वापरतात. सिएरा कंपनी आपली मॅचकिंग गोळी शिकारीसाठी वापरू नका असं स्वतः सांगते. तिच्या टोकाशी बारीकसं छिद्र असतं. ते उत्पादनाच्या पद्धतीमुळे आणि हवेतल्या स्थिरतेसाठी असतं, प्राण्याच्या शरीरात नीट उघडण्यासाठी नाही. त्यामुळे ती कधी सुईसारखी आरपार जाते, कधी आत जाताच चिंध्या होते. कागदाला दोन्ही सारखंच. हरणाला नाही. जखमी हरीण अंधारात दोन-दोन मैल जातं आणि कुठल्यातरी दलदलीत सकाळपर्यंत मरत राहतं.

शिकारीच्या गोळीचं काम साधं आहे. फुप्फुसांपर्यंत पोहोचायचं, वाटेत पसरून रुंद जखम करायची, शक्यतो पलीकडून बाहेर पडायचं. मग हरीण काही सेकंदांत कोसळतं. हे काम करण्याच्या तीन मुख्य रीती आहेत. पहिली सर्वात जुनी आणि स्वस्त: तांब्याच्या पातळ कवचात शिशाचा गाभा. पसरते छान, पण तुटतेही. दुसरी सुधारलेली: गाभा कवचाला जोडून टाकायचा किंवा मधे भिंत घालायची. नॉस्लर पार्टिशन ही अशी भिंतवाली गोळी. जॉन नॉस्लर यांच्या गोळ्यांनी एका मूसवर दगा दिल्यावर त्यांनी ती बनवली आणि १९४८पासून ती विकली जाते. पुढचा अर्धा भाग फुटला तरी मागचा टिकतो. तिसरी रीत: शिसं नाहीच, सबंध गोळी तांब्याची. बार्न्स कंपनीने १९८९मध्ये अशी गोळी बाजारात आणली. तिचं टोक चार पाकळ्यांत उघडतं आणि वजन जवळपास पूर्ण शाबूत राहतं.

माझी ९१ ग्रेनवाली पहिल्या प्रकारातली होती. तिने तिचं काम केलं होतं. हरीण चाळीस पावलांत पडलं. काकांना मी वजनाचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, हरीण पडलं ना? मग?"

त्या "मग?"चं उत्तर शोधायला मला एक आठवडा लागला.

शिशाची गोळी तुटते तेव्हा तिचे मोठे तुकडे जखमेजवळ राहतात. ते दिसतात, चाकूने काढता येतात. बारीक कण मात्र जखमेपासून कितीतरी लांब उडतात, आणि ते ना डोळ्याला दिसतात ना दाताला लागतात. २००९मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात नेहमीच्या पद्धतीने शिकार केलेली ३० हरणं वेगवेगळ्या खाटिकांकडे देऊन पाकिटबंद करून घेतली होती आणि मग पाकिटांचे एक्स-रे काढले होते. ३०पैकी २४ हरणांच्या खिम्यात धातूचे कण निघाले. खाटिकांना ते दिसले नव्हते, हे वेगळं सांगायला नको. नंतर तेच मांस डुकरांना खाऊ घातलं तेव्हा त्यांच्या रक्तातलं शिसं वाढलं. म्हणजे कण पोटातून नुसते निघून जात नाहीत.

मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागानेही २००८मध्ये मेलेल्या मेंढ्यांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या. झटकन फुटणाऱ्या शिशाच्या गोळ्यांनी सर्वात जास्त कण पसरवले. तांब्याच्या गोळीचे जेमतेम एक-दोन तुकडे झाले, तेही तांब्याचे. आणखी एक गोष्ट कळली: जखम पाण्याने धुतली की कण इकडचे तिकडे वाहत जातात. मी ते हरीण पाइप लावून मनसोक्त धुतलं होतं.

त्याच वर्षी शेजारच्या नॉर्थ डकोटात गरिबांच्या अन्नकेंद्रांना दान दिलेल्या हरणाच्या मांसात शिसं सापडलं आणि ते फेकून द्यायला सांगितलं गेलं. तेव्हापासून मिनेसोटात दान म्हणून येणाऱ्या मांसाचा एक्स-रे काढतात. जरा विचार करा. मी जे मांस अनोळखी माणसाला दान देईन ते तपासलं जाईल. जे मित्राच्या मुलीला देईन ते नाही.

मी वहिनींना फोन केला. म्हटलं, ते फ्रीजरमधलं मटण वापरू नका.

"अहो भावजी, ते तर मागच्या रविवारीच संपलं," त्या म्हणाल्या. "खोबऱ्याचं वाटण लावून खिमा केला होता. पिल्लूने दोनदा मागून घेतला. का हो, खराब होतं का?"

खराब नव्हतं, असं सांगितलं. मग खरं काय ते सांगितलं. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, आणि मग डॉक्टरांची अपॉइंटमेंट कधीची मिळते ते पाहते म्हणाल्या. मुलीच्या रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला. पण तो येईपर्यंतचे नऊ दिवस मी विसरलेलो नाही. तो नॉर्मल येण्यात माझं कर्तृत्व शून्य होतं. कोड न तपासता प्रॉडक्शनला टाकावा आणि योगायोगाने काही कोसळू नये, तसं ते होतं.

आता माझ्या जमातीचे आक्षेप. ते मी चार वर्षं ऐकतोय आणि त्यातले काही बरोबरही आहेत.

"शंभर वर्षं लोक हे मांस खातायत, कोण मेलं?" बरोबर. नॉर्थ डकोटातल्या सातशेहून अधिक लोकांच्या रक्ताची तपासणी झाली होती. शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं थोडं जास्त निघालं, पण धोक्याच्या तेव्हाच्या पातळीवर कोणीच नव्हतं. हे लपवून भांडण जिंकायचं नाही. पण शिसं माणसाला धाडकन मारत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं, आणि लहान मुलांसाठी अमुक इतकं चालतं अशी सुरक्षित पातळी आजवर कोणाला सापडलेली नाही. नळाच्या पाइपात, भिंतीच्या रंगात, पेट्रोलमध्ये आपण शिसं बंद केलं ते माणसं रस्त्यात मरून पडत होती म्हणून नव्हे. मग ते जाणूनबुजून खिम्यात का?

"तांब्याची गोळी उघडत नाही, सुईसारखी जाते." सुरुवातीच्या काही गोळ्यांबद्दल ही तक्रार होती आणि वेग फार कमी झाला तर आजही ती खरी ठरू शकते. तांब्याला उघडायला वेग लागतो. पण काडतूस स्वतः भरणाऱ्याच्या हातात नेमकं हेच तर असतं! तांबं शिशापेक्षा हलकं. एका घन सेंटिमीटरला शिसं ११.३ ग्रॅम, तांबं जेमतेम ९. म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, नळीतली जागा खाते आणि स्थिर राहायला जास्त फिरकी मागते. उपाय सोपा: हलकी गोळी घ्या. मी .३०८मध्ये १५०च्या जागी १३० ग्रेनची घेतली. वेग वाढला. तीनशे यार्डांवरही तिच्याकडे उघडण्यापुरता वेग शिल्लक असतो, आणि मिनेसोटाच्या दाट जंगलात मी शंभर यार्डांपलीकडे कधी गोळी झाडलेलीच नाही. शिशाची काही जड गोळी वाटेत अर्धी होऊन जाते. तांब्याची हलकी गोळी शेवटपर्यंत तेवढीच राहते. जडपणाची आपली सवय मुळात त्या तुटीची भरपाई होती.

एक सावधगिरी मात्र हवीच. शिशाच्या गोळीचं दारूचं माप तांब्याला लावायचं नाही. दाब वेगळा येतो. त्या विशिष्ट गोळीची मॅन्युअलमधली नोंद उघडायची आणि तळापासून सुरुवात करायची. गोळी किती खोल बसवायची हेही नव्याने शोधायचं. तांब्याच्या गोळ्यांना बहुधा नळीतल्या आट्यांपासून थोडं जास्त अंतर लागतं. "माझ्या रायफलला तांबं सूट होत नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी एक डबा आणला, जुन्याच खोलीवर बसवला, भोकं दोन इंचांत पडली आणि डबा कपाटात गेला. शिशाच्या गोळीसाठी याच मंडळींनी तीन हिवाळे घालवले होते.

"महाग आहे." आहे, दुपटीहून जास्त. पण हरणावर मी आजवर झाडलेल्या सगळ्या गोळ्या दोन हातांच्या बोटांवर मोजता येतात. तेवढ्याचा फरक त्या जंगलापर्यंतच्या एका फेरीच्या पेट्रोलपेक्षा कमी.

"हे शिकार बंद पाडण्याचं कारस्थान आहे." हा आक्षेप सर्वात मोठ्याने येतो. कॅलिफोर्नियाने २०१३मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. डेन्मार्कने २०२४मध्ये रायफलच्याही बंद केल्या. दोन्हीकडे आजही शिकार चालते. बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे तर अख्ख्या अमेरिकेत १९९१पासून बंद आहेत. मला स्वतःला सक्तीपेक्षा लोकांनी आपणहून बदललेलं आवडेल. पण आपणहून कोणी हललंच नाही, तर सक्ती आल्यावर गळा काढण्याचा हक्क उरत नाही.

आता त्या ५९ ग्रेनमधला जो भाग माझ्या फ्रीजरमध्ये आलाच नाही त्याच्याबद्दल. हरीण पडलं की त्याचं पोट जागेवरच साफ करतात. आतडी, फाटलेली फुप्फुसं जंगलातच सोडून देतात. गोळी फुटते ती छातीत, म्हणजे शिशाचे सर्वात जास्त कण याच ढिगात. माझ्या त्या ढिगाकडे मी वळून पाहिलं तेव्हा कावळे आले होते. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले की पांढऱ्या डोक्याचा गरुड उतरला होता. मला तेव्हा आनंद झाला होता. निसर्गात काही वाया जात नाही वगैरे.

त्या गरुडाच्या पोटातलं आम्ल हाडंही विरघळवतं, शिसं तर सहज. २०२२मध्ये सायन्स या नियतकालिकात ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांचा अभ्यास आला. जवळपास निम्म्यांच्या हाडांत शिशाची जुनी विषबाधा आढळली. सेंट पॉलमध्ये मिनेसोटा विद्यापीठाचं शिकारी पक्ष्यांचं रुग्णालय आहे. तिथे मान लुळी पडलेले, पंख न उचलणारे गरुड आणले जातात. कॅलिफोर्नियाचा काँडोर १९८२मध्ये अवघा २२वर आला होता. तो आज पुन्हा उडतोय, पण शिसं अजूनही त्याच्या मृत्यूचं एक प्रमुख कारण आहे.

हे वाचताना मला अनोळखी काहीच वाटलं नाही. आपल्या पिढीने महाराष्ट्रात गिधाड पाहिलंय का? मी नाही पाहिलं. वडिलांना आठवतं, गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात थवा उतरायचा. ही गिधाडं कोणी गोळ्या घालून मारली नाहीत. गुराला दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं, गुरू मेलं, गिधाडांनी खाल्लं, त्यांची मूत्रपिंडं गेली. २००४मध्ये कारण कळलं, २००६मध्ये भारतात ते जनावरांसाठी बंद झालं. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णवहून जास्त संपली होती. इंजेक्शन देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याचा हिशोब फक्त जनावरापाशी थांबत होता. काकांचं "हरीण पडलं ना? मग?" तेच आहे. आणि पबजीतली गोळीही.

त्या शेतकऱ्याला माहीत नव्हतं, त्याला दोष कसा देणार? आमच्याकडे सबब नाही. दुकानातून तयार काडतुसं घेणाऱ्याला निदान म्हणता येतं की कपाटात होतं ते उचललं. आम्ही एकेक भाग निवडून जोडतो. दारूचा एक दाणा जास्त पडला तर चिमट्याने काढतो. त्याच माणसाने पुढे साठ ग्रेन शिसं कुठे गेलं ते विचारायचं नाही, याला काटेकोरपणा कसं म्हणायचं?

माझ्या वहीत आता एक जास्तीचा रकाना आहे: परत मिळालेलं वजन. पाण्याने भरलेल्या कॅनच्या रांगेत झाडून पाहिलेल्या तांब्याच्या गोळ्या १२९च्या आसपास भरल्या. हरणांच्या ओळींत तो रकाना मोकळाच आहे, कारण दोन्ही वेळा गोळी आरपार गेली. पहिलं हरीण तीस पावलांत पडलं. दुसरं उभ्या जागी.

काका अजून शिसंच वापरतात. मागच्या हंगामात त्यांनी माझ्याकडून तांब्याच्या पाच गोळ्या मागून घेतल्या, "बघू तरी" म्हणाले. अजून बघितलेलं नाही. मी दर रविवारी विचारतो.